निळा पडदा कोंबड्यांना

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, इथे आडवं व्हायला जागा कुठे आहे). तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींची तब्येत विचारत नाही. दुसऱ्याच्या संसारात काडी टाकून गेलेला माणूस ठणठणीतच असतो.

जनावरांचे डॉक्टर म्हणून मला त्यांचा आदर आहे. पण मागच्या खेपेला चहा पिता पिता त्यांनी आमच्या ह्यांना जे ज्ञान दिलं, त्याने माझं वाटोळं झालं. पिंजऱ्यातली कोंबडी अंडी देते, पण तिला पंख पसरता येत नाहीत, हाडं ठिसूळ होतात, आणि अंडं घालायला आडोसा नसला की ती बिचारी येरझाऱ्या घालत राहते. हे ऐकून ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्यासाठी ते कधी आलेलं नाही (कांदा चिरतानासुद्धा नाही, कारण तो मी चिरते).

दुसऱ्याच दिवशी पिंजरे बाहेर. मागची शेड मोकळी केली, खाली भुशाची जाड गादी (माझ्या गादीतला कापूस कधीचाच एका कोपऱ्यात जमलाय), झोपायला दांड्या, धुळीत लोळायला वेगळी जागा, म्हणजे त्यांचं न्हाणीघरच. आमच्या न्हाणीघराची कडी मोडलेली आहे. मी आत आहे हे कळावं म्हणून मला गाणं म्हणत आंघोळ करावी लागते, आणि घसा बसला की आंघोळही राहते.

आमची झोपायची खोली म्हणजे तर रस्ताच, तू पाहिलीच आहेस. सासूबाई न्हाणीघरात जातात त्या माझ्या उशाला वळसा घालून. म्हणून पलंगाभोवती पडदा लावायला मी निळं जाड कापड घेऊन ठेवलं होतं. सगळी घरचीच माणसं, पडदा कशाला, असं म्हणून हे टाळत आले. आणि एके सकाळी तेच कापड चौकोनी तुकडे होऊन माझ्या शिलाई मशीनवर येऊन पडलं. अंडी घालायच्या खोक्यांना पडदे हवेत, तेवढ्या कडा दुमडून दे, म्हणाले. मी दुमडून दिल्या. मत्सर वाईट, असं तू नेहमी सांगतेस, पण कोंबडीचा मत्सर करायची वेळ तुझ्यावर आलेली नाही.

बरं, त्या बायांना तरी त्याचं काही आहे का? जन्म पिंजऱ्यात गेलेला, त्यामुळे सगळ्या एका कोपऱ्यात गठ्ठा करून बसल्या. दांडीवर एक चढेना, तर हे एकेकीला उचलून बसवत होते (मला स्कूटरवर चढताना हात देत नाहीत). मग एकमेकींची पिसं उपटून झाली. अंडी पडद्याआड सोडून सगळीकडे, आणि तीही कमी. अंडी घटली तसं ह्यांचं जेवणही घटलं. आणि काल ठिपक्यांची एक घरात शिरली ती थेट मशीनखालच्या चिंध्यांच्या टोपलीत. मी ब्लाउज शिवत होते, गिऱ्हाईक समोर उभं. हे दबक्या आवाजात म्हणाले, "मशीन बंद कर, तिला एकांत हवाय." तिचं आटपेपर्यंत मी आणि गिऱ्हाईक ओट्यापाशी उभे होतो. माझ्या टोपलीत तिला एकांत. मला रडूच आलं, आणि ते कुणाला दिसू नये अशी जागाही घरात सापडेना.

भावोजींना नमस्कार सांगायचाच असेल तर सांग.

तुझी,
धाकटी

ता. क. माझ्या पोटात अजिबात दुखत नाहीये, गैरसमज नको.

ता. क. २. हे पत्र मी शेडमध्ये, पडद्यांशेजारी भुशात बसून लिहिते आहे. इथे कुणी हाक मारत नाही. गादी खरंच छान आहे.

ता. क. ३. मुख्य काम राहिलंच. भावोजींकडून ह्यांना दवाखान्याच्या शिक्क्याची एक चिठ्ठी पाठव: घरच्या बाईला कडी लागणारी खोली मिळाली की कोंबड्या जास्त अंडी देतात. माझ्यासाठी मागितलेलं ह्यांना ऐकू येत नाही, अंड्यांसाठी मागितलेलं येतं.

ता. क. ४. भावोजी खोटं लिहायला बिचकतील, तर त्यांना सांग की मी इथे गप्प बसल्यावर ती ठिपक्यांची आपणहून निळ्या पडद्याआड गेली आणि आत्ताच अंडं देऊन बाहेर आली. ह्यांना मी बोललेली नाही. चिठ्ठी येईपर्यंत बोलायचं नाही, असं तिचं-माझं ठरलंय.