पाठीवरची कडी

धाकट्या,

हे पत्र तुला देणार नाही. दिलं तर तू दुसऱ्या कुणाकडून सूट नीट करून घेशील आणि आज संध्याकाळी स्टेजवर दोरीला लटकून उडशील.

वीस वर्षांनी तुमचा बँड एकत्र आला, नवा अल्बम निघाला, चांगलं झालं. पण गाणी अंतराळाची म्हणून तुला लोकांच्या डोक्यावरून उडवायलाच पाहिजे का? वीस वर्षांपूर्वी उडायचास तेव्हा तू काडीसारखा होतास. आता मानेचा मणका सरकलाय. डॉक्टर म्हणाले, एक हिसका बसला तर हातपाय जातील. हे तू बँडमधल्या बाकीच्या तिघांना सांगितलं नाहीस, आणि मलाही शपथ घातलीस. वर म्हणतोस, "ताई, लोक माझं उडणं बघायला येतात."

डोंबल! अल्बमसाठी तू मानेला पट्टा लावून, खुर्चीत बसून गायलास. मी स्टुडिओत काचेपलीकडे होते. मला त्या गाण्यांतलं ओ की ठो कळत नाही, पण शेवटचा सूर लावलास तेव्हा अंगावर काटा आला. तेव्हा कुठे होती रे तुझी दोरी?

शपथ मी मोडलेली नाही. कुणाला एक शब्द बोलले नाही. फक्त तुझ्या चंदेरी सुटाच्या पाठीवरची, दोरी अडकवायची कडी काढली आणि तिथली चीर दुहेरी टाक्याने बंद केली. दोरीवाला ऐनवेळी कडी शोधत बसेल. तू मला शिव्या घालशील. घाल. कडी माझ्या मुठीत असेल आणि मी पडद्याच्या कडेलाच उभी असेन.

जमिनीवर उभा राहून गा.

तुझी ताई