सात हजार झाले की डिलीट

३ जून, सकाळी ११
आजपासून मोबाईलवरचं राजकारण बंद. देशाच्या टेन्शननं डोकं ठणकतंय. आई म्हणाली, देशाला नंतर सांभाळ, दुपारी कारखान्यात माझा डबा तेवढा आण.

३ जून, दुपारी
दिनानाथशेठच्या गणपती कारखान्यात गेलो. आई आखणी करत होती. तिच्यासारखे मूर्तीचे डोळे पेणात कोणाला जमत नाय. रंग झालेले चाळीस बाप्पा रांगेत, डोळे बाकी. डोळे शेवटी आखतात, हे पेणात शेंबडं पोरपण सांगेल. पण फोटो कडक आला. शेठ नगरपरिषदेच्या निवडणुकीत आमच्या विलासभाऊंच्या विरोधात. शेवटची एक पोस्ट, 'रायगडचा ढाण्या' या नावानं: 'शेठनं बाप्पाला आंधळं केलं! खरे भक्त असाल तर शेअर करा.'
डबा माझ्याच हातात घरी परत आला.

४ जून
२,१०० लाईक. मुंबई-ठाणे पेटलंय. पेणातून एकच कमेंट, आमच्या आळीतल्या कृष्णाची: आखणी बाकी हाय रे येड्या. ब्लॉक केला. असल्यांमुळेच क्रांती अडते.

६ जून
रोह्याला भाऊंची सभा. पद नक्की: सोशल मीडिया प्रमुख. वाटेत अष्टमी गावच्या पुलावर वारा छान, रील काढली. सतरा टेक. पोचलो तर सभा संपलेली. भाऊंनी गाडीची काच खाली करून विचारलं, तू कोणाचा रे? म्हणजे माझी ओळख गुप्त ठेवतायत. मुरलेला माणूस.

९ जून
५,००० पार! मुंबईच्या मंडळांनी शेठच्या ऑर्डरी रद्द केल्या. पहिला विजय.
आई दुपारीच घरी. शेठनं सांगितलं, मूर्तीच नाय तर डोळे कोणाचे आखणार, येऊ नको. आई म्हणाली, ज्या मेल्यानं फोटो टाकला त्याचे हात झडोत. मी म्हटलं, व्हय.
क्रांतीत थोडं नुकसान होतंच.

१४ जून
शेठ आणि भाऊंची युती. शेठ अध्यक्षाला, भाऊ उपाध्यक्षाला. भाऊंच्या ग्रुपवर विचारलं, माझ्या पदाचं काय? ग्रुपमधून बाहेर फेकला गेलो. टेक्निकल प्रॉब्लेम असणार.
पोस्ट डिलीट करणार होतो. पण ६,९०० झालेत. सात हजार झाले की लगेच.

२० जून
आई पहाटेच्या गाडीनं रोह्याला जाते, कंपनीच्या कँटीनात भांडी घासायला. साबणानं बोटं फुगलीत. काल सहज ब्रश धरून बघितला तिनं. रेघ वाकडी गेली. गुपचूप ठेवून दिला.
उद्यापासून काम शोधणार. नक्की.

२८ जून, रविवार
ठेकेदार हजेरी फोनवर घेतो म्हणून आईनं जुना फोन घेतला. मी चालू करून दिला, फेसबुकपण टाकलं. उघडलं तर पहिलीच पोस्ट ढाण्याची.
आई हसली. किती दिवसांनी. म्हणाली, अरे, हे तर माझे गणपती! काय लिवलंय रे, वाच ना. तिला वाचता येत नाय.
मी वाचलं, पेणच्या कारागिरांना नमस्कार.
आई म्हणाली, बघ, एक तो मेला, आणि एक हा देवमाणूस. याला उलट नमस्कार कसा करायचा?
अंगठा दाखवला. तिनं फुगलेल्या बोटानं दाबला.
७,२१५.
आता डिलीट कशी करणार? आईचा लाईक हाय त्यात.