लंडनच्या मुलाखतीची माझी तयारी

६ जानेवारी

आजपासून फक्त ब्रिटिश पॉडकास्ट. हिंदी गाणी बंद, क्रिकेटच्या क्लिपा बंद.

कारण असं. लंडनचं एक मराठी मंडळ दरवर्षी आमच्या पेणच्या कारखान्यातून गणपती नेतं. तिथली मृणाली नावाची बाई मार्चमध्ये येणार आहे. जन्म तिकडचाच. तिचा मुलाखतींचा पॉडकास्ट आहे. कारखान्यातल्या एका माणसाची मुलाखत घेणार, आणि त्याच माणसाला मंडळ ऑगस्टमध्ये लंडनला बोलावणार, तिकिटासकट. आमचे मालक विशालशेठ म्हणाले, कोण ते तीच ठरवेल. म्हणजे काय ते मी समजलो. ऑर्डरी आणि पॅकिंग बघणारा मी एकटा, बाकी सगळे मातीत हात घालणारे. शिवाय बोलण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. अठरा वर्षं ह्या कारखान्याचं वातावरण मीच बोलून खेळतं ठेवलंय.

८ जानेवारी

ऑफिसातल्या मनालीने फोनमध्ये अ‍ॅप टाकून दिलं. 'ऐकायलाच हवेत असे पन्नास ब्रिटिश पॉडकास्ट' अशी यादी सापडली. पन्नासच्या पन्नास फॉलो केले. नवे इअरबड्स घेतले. निश्चय: रोह्याहून पेणला रेल्वेने जाताना एक एपिसोड, येताना एक. मार्चपर्यंत शंभर.

संध्याकाळी: जाताना मधल्या कासू स्टेशनला नेट गेलं. येतानाही कासूला गेलं. आज पाहुण्याचं नाव तेवढं कळलं.

१३ जानेवारी

पन्नासातले अकरा ऐकून पाहिले. एकात दोन म्हातारे पाऊण तास गुलाबाला लागलेल्या किडीवर बोलतात. एक स्कॉटलंडचा आहे. भाषा इंग्रजी, असं अ‍ॅपवर लिहिलंय म्हणून मानायचं. एक बाई पाहुण्याला चहा देते आणि मग काही विचारतच नाही. पाहुणा बिचारा आपणच बोलत सुटतो, शेवटी रडतोसुद्धा. तयारी न करता मुलाखत घ्यायला बसलं की असं होतं. अनफॉलो केलं.

ऐकण्यालायक एकही नाही. यादी बनवणाऱ्याला कमेंट टाकणार आहे.

१६ जानेवारी

नवा विचार: प्रवासाचा वेळ कमी पडतो. कारखान्यातही दिवसभर इअरबड्स ठेवणार. माझं बोलणं काही दिवस बंद राहील, माणसांना करमणार नाही, पण इलाज नाही.

विशेषतः धोंडुबाईचं वाईट वाटतं. ही आमची डोळ्यांची आखणी करणारी. खाडीकडची, साठीला आलेली. दाराजवळच्या उजेडात बसून गणपतीचे डोळे काढते. आखणी चालू असताना तिच्याशी कोणी बोलायचं नाही असा कारखान्यात रिवाज आहे. मी बोलतो. तिला कंटाळा येऊ नये म्हणून.

२० जानेवारी

मी गप्प आहे म्हणून कोणी साधी चौकशीही केली नाही. माझ्या अभ्यासाबद्दल आदर असावा. साच्यात माती भरणारा जनू तर बॅटरी संपल्यावर आपणहून चार्जर घेऊन आला. 'भाऊ, लावा लावा, बंद नाय पडला पायजे,' म्हणाला. माणसं सुधारतायत.

२९ जानेवारी

इंग्रजी तोंडात बसतंय. ब्रिटिश माणूस वाक्याच्या सुरुवातीला 'राइट, सो' म्हणतो, मध्ये 'क्वाइट' आणि शेवटी 'लव्हली'. मधलं समजलं नाही तरी चालतं.

घरी मात्र गैरसमज. बायको, नमिता, सकाळी काहीतरी सांगत होती. मी एका कानाने ऐकत होतो आणि सवयीने 'लव्हली' म्हणालो. ती तिची आई मोरीत घसरून पडल्याचं सांगत होती. दोन दिवस डबा नाही. समोरच्याचं नीट ऐकून घ्यायला नमिताने शिकलं पाहिजे.

१० फेब्रुवारी

संताप. जनूने लंडनच्या ऑर्डरीतले अकरा गणपती उजव्या सोंडेच्या साच्यात भरले. उजव्या सोंडेचा म्हणजे कडक सोवळं. तिकडे फ्लॅटमध्ये राहणारी माणसं कशी पाळणार? ऑर्डर सगळी डाव्या सोंडेची. शेठसमोर जनू म्हणतो, 'भाऊंना इचारला होता मी, उजवी का डावी. भाऊंनी मान हालवली.' मान हलवली असेल. तेव्हा एक माजी खासदार कुत्र्याबद्दल बोलत होता, अगदी पटण्यासारखं. शेठ सगळ्यांदेखत मला नाही नाही ते बोलले.

एक डावीकडचा इअरबड कानात राहून गेला होता, त्यामुळे अर्धंच लागलं.

२४ फेब्रुवारी

एक चांगली गोष्ट. धोंडुबाईच्या हातून दिवसाला पंधरा मूर्तींची आखणी व्हायची, आता बावीस होते. शेठ म्हणाले, म्हातारीला काय झालंय कळत नाही. मला कळलंय. माझी शिस्त बघून तीही नेटाने कामाला लागली.

पॉडकास्ट शंभरपैकी पूर्ण ऐकलेले: शून्य. पण सुरुवाती सत्तर.

१७ मार्च

उद्या मृणाली येणार. ब्लेझर इस्त्री करून घेतला. पेणच्या मूर्तीकलेवर इंग्रजीत चाळीस मिनिटं पाठ. नमिताला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, 'सगळं तुम्हीच बोलणार, तर ती बाई कशाला येतेय एवढी लांबून?' तिला मुलाखत म्हणजे काय तेच माहीत नाही.

१८ मार्च

मृणाली आली. वय तिशीचं, मराठी एखाद्या आजीसारखी, सावकाश. मला मराठीत विचारलं, 'तुम्ही इथे काय करता?' मी 'राइट, सो' म्हणून सुरू केलं ते चाळीस मिनिटांनी थांबलो. तिने हसून मान हलवली. खूश झाली असावी.

मग ती धोंडुबाईकडे गेली, तिच्याशेजारी जमिनीवर बसली, माइक ठेवला आणि चक्क गप्प. पंधरा मिनिटं! जनूने चहा आणून दिला. नंतर धोंडुबाई आपणच बोलायला लागली ती जेवायची सुट्टी झाली तरी बोलतच होती. ही बाई एवढं बोलते? अठरा वर्षांत मी कधी ऐकलं नाही. मध्ये एकदोनदा मी 'क्वाइट, क्वाइट' म्हणून साथ दिली, तर मृणालीने तोंडावर बोट ठेवलं.

असो. मुख्य मुलाखत माझी झाली. धोंडुबाईचं पार्श्वभूमीला वापरतील.

२ एप्रिल

पासपोर्टसाठी फोटो काढले. ब्लेझरमध्ये.

११ मे

लंडनचं काही नाही. शेठ म्हणाले, एपिसोड येऊ दे, मग बोलावणं येईल. चांगलं काम करायला वेळ लागतो. नातेवाइकांना सांगून ठेवलंय. कोलाडच्या मेहुण्याने तिकडून चॉकलेटं आणायला सांगितली.

४ जून, सकाळ, गाडीत

एपिसोड आला! मनालीने लिंक पाठवली. निडीपर्यंत मृणालीच बोलली, कारखान्याचा वास, उजेड वगैरे. नागोठण्याला धोंडुबाई सुरू झाली. आधी तिचा आवाज, मग त्यावर एका बाईचं इंग्रजी. काय सुंदर इंग्रजी! शब्दन् शब्द समजतोय. धोंडुबाई सांगतेय, की आईला मिठागरात कामाला जावं लागायचं म्हणून ही मावशीपाशी मातीत बसायची. डोळा काढताना श्वास धरावा लागतो, मूर्ती आपल्याकडे बघते की नाही ते आतून कळतं. हे मला माहीत नव्हतं. मृणालीने विचारलं, यंदाचे डोळे वेगळे वाटतात, असं का? धोंडुबाई म्हणाली, कारखान्यात एक माणूस आहे...

कासू. नेट गेलं.

माझाच विषय निघाला. मी म्हटलंच होतं.

त्याच दिवशी, पेण स्टेशनच्या बाकावर

नेट आलं. धोंडुबाईचा स्वतःचा आवाज आधी येतो, तो जसाच्या तसा लिहून ठेवतो: 'कारखान्यात एक मानूस हाय. अठरा वरसा माझे बाजूला बसून बोलतंय. वाईट नाय तो. पन डोल्याला गप्पपना लागतो. जानेवारीपासून त्याने कानात कायतरी घातलाय, तवापासून सगला शांत. म्हनून यंदाचे डोले असे झाले. देव पावला.' मग तेच इंग्रजीत. मग मृणाली हसते. मागून एक पुरुष 'क्वाइट, क्वाइट' म्हणतो. माझं तेवढंच ठेवलंय, चाळीस मिनिटांतलं काही नाही.

ब्रिटिश पॉडकास्ट आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकला. सगळा समजला. ऐकण्यालायक आहे.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. एक गाडी गेली, दुसरी आली, मी बाकावरच. अकराला कारखान्यात पोचलो. पाठवायच्या राहिलेल्या मूर्ती ओळीने ठेवल्या होत्या. उगाच समोर उभा राहिलो. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. यंदाचे डोळे खरंच चांगले झालेत.

५ जून

लंडनचं बोलावणं आलं, धोंडुबाईला. शेठने मला बोलावून सांगितलं, तिचा पासपोर्टचा फॉर्म तू भर, तुझं इंग्रजी आता सुधारलंय.

ठरवलं: इअरबड्स कायमचे बंद. ह्यापुढे माणसांचं ऐकायचं. धोंडुबाईपासूनच सुरुवात. आज इअरबड्स मुद्दाम घरी ठेवून गेलो. फॉर्म घेऊन तिच्याशेजारी बसलो आणि म्हटलं, धोंडुबाई, मला सगळं सांगा, मी ऐकतोय. ऐकणं म्हणजे काय, त्याचं महत्त्व काय, ब्रिटिश लोक कसं ऐकतात, हे आधी तिला जरा समजावून सांगितलं. वीसेक मिनिटं झाली असतील.

धोंडुबाईने कुंचला खाली ठेवला. उठून ऑफिसात गेली. मनालीचे इअरबड्स मागून आणले, माझ्या हातात ठेवले आणि पुन्हा डोळे काढायला बसली.