जवळचं की लांबचं

प्रिय ताई,

आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन गुरुवारी सकाळी आहे. आत कोणती लेन्स बसवायची ते कळवायला बुधवारी दुपारी बारापर्यंत मुदत आहे, आणि ते कळवायचं माझ्यावर आहे. डावा डोळा काचबिंदूने नेला तो नेलाच. आता हा एकच उरला, म्हणून दोन्ही अंतरांची लेन्स हिला नको, असं डॉक्टर म्हणाले. एक काहीतरी निवडा. लांबचं स्वच्छ दिसेल आणि वाचायला चष्मा लागेल, किंवा जवळचं स्वच्छ दिसेल आणि रस्त्यावरचं बघायला चष्मा लागेल. तिथल्या समजावून सांगणाऱ्या बाईंनी दोन तक्ते पुढे धरले, एकावर डोंगर, एकावर वर्तमानपत्र. आई म्हणाली, "अहो, हे दिसत असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते?" बाई हसल्या, मीही हसले. मग आई माझ्या दिशेने तोंड करून म्हणाली, "तूच ठरव. तू घाईघाईने काही करत नाहीस." कुलूप लावल्यावर मी ते तीनदा ओढून बघते म्हणून तू मला हसायचीस, ते तिला आठवलं असणार. आता पगारही त्याचाच मिळतो. औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं आणि तारखा तपासते मी, दिवसभर.

कुणीही म्हणेल, यात ठरवायचं काय? जिने तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली तिला जवळचंच द्यायचं. पण आई आता दिवसभर खिडकीत बसते. तिथून बसथांब्याचं वळण दिसतं, म्हणजे पूर्वी दिसायचं. कुणी भराभर चालत आलं की ती मान पुढे काढते. चाल ओळखू येते म्हणते, धुक्यातसुद्धा. तू घर सोडून गेलीस त्या दिवशी ती म्हणाली होती, "आता पुन्हा तोंड दाखवू नकोस." नंतर ते वाक्य तिने कधी उच्चारलं नाही, पण ती खुर्ची तेव्हापासून खिडकीतच आहे. जवळचं घेतलं तर तिला तुझी पत्रं वाचायची आहेत. लांबचं घेतलं तर वळणावर तू दिसायला हवीस. कोणतीही लेन्स घाल, आई तुलाच शोधणार.

आणखी एक सांगते, हसू नकोस. मोतीबिंदूमुळे आईला उजेडाविरुद्ध पाहिलं की एकाचे दोन दिसतात. संध्याकाळी मी कामावरून येऊन दारात उभी राहिले की ती म्हणते, "या, दोघी आत या. चपला नीट काढा." पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी खरोखर मागे वळून पाहिलं. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, असं होतं, भिंग गढुळलं की प्रकाश फुटतो. मला कारण पटलं. तरीही दारातून आत येताना मी अजून थोडी बाजूला सरकते, तुला जागा व्हावी म्हणून.

आपली पहिली शाळा आठवते? स्वयंपाकघराची फरशी, आणि छापखान्यातून आणलेल्या रद्द प्रुफांच्या पाठकोऱ्या बाजू. आई पोळ्या लाटता लाटता शब्द सांगायची आणि लाटणं थांबलं की समजायचं, कुणाचं तरी चुकलं. "आधी अक्षरं, मग डोक्यावर रेघ. रेघ आधी मारली की अक्षरं तिला लोंबकळतात." मी, तुझ्या मागे मागे फिरणारी शेपूट, सगळ्या ओळी लिहून झाल्यावर पट्टी लावल्यासारख्या रेघा मारायचे. तू मारायचीसच नाहीस. तुझी अक्षरं उघड्या डोक्याने फिरायची. आई तुला ओरडायची आणि तुझे कागद मात्र जपून ठेवायची. माझ्या कागदावर ती लाल पेन्सिलीने काही करत नसे, कारण करण्यासारखं काही नसायचं. त्याचं मला किती वाईट वाटायचं, हे तुला कधी सांगितलं नाही.

आता मुद्द्याचं सांगते. तुझी खरी पत्रं चार. फोन नकोच म्हणाली होतीस, फोनवर दोघींचा आवाज चढतो. ती चारही आईने भिंग लावून स्वतः वाचली. त्यानंतरची तेवीस मी वाचून दाखवली, आणि ती मी लिहिलेली आहेत. कोऱ्या कागदावरून वाचण्याची माझी छाती झाली नाही, म्हणून दर महिन्याला जेवणाच्या सुट्टीत बसून खरोखर लिहिलं. आई ती बिस्किटांच्या डब्यात ठेवते, काढते, वरून बोटं फिरवते. रेघेशिवाय लिहायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. दोन ओळी जमतं, तिसऱ्या ओळीला हात आपोआप रेघ मारून टाकतो. ज्या दिवशी आईला जवळचं दिसेल, त्या दिवशी तिला हे ओळखायला पहिला कागद उलगडेपर्यंतसुद्धा वेळ लागायचा नाही. तिच्या कानाला तर आधीच काहीतरी खटकलंय. मागच्या महिन्यात वाचून संपवलं तेव्हा ती म्हणाली, "हिची वाक्यं हल्ली पूर्ण व्हायला लागली. मोठी झाली." मी कागदाची घडी घातली. घडी नीट जुळेना.

आणि तू त्या पत्रांत खरंच मोठी झालीस, ताई. खोली बदललीस. खोकला लागला, तो गेला. एका मैत्रिणीशी अबोला धरलास, तो मी मिटवायला बसले तर तू मिटवू दिला नाहीस. मी एक लिहायला जाते आणि तू दुसरंच बोलतेस. कधीकधी कामावर एखादीशी बोलताना माझ्या तोंडून तुझं 'जाऊ दे ना यार' निघतं, आणि मीच दचकते.

त्या दिवशी तुझ्या खोलीतल्या मुलीचा फोन आला, तेव्हा आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन तीन दिवस झाले होते. परिचारिकेने बजावलं होतं, ताण नको, रडणं तर मुळीच नको. मी आईला म्हटलं, कामाचं प्रशिक्षण आहे, दोन दिवसांत येते. ताप फुप्फुसात उतरला, एवढंच त्या मुलीला माहीत होतं. मी पोचले तेव्हा तुला चादरीने झाकलेलं होतं. तुझं तोंड मी पाहिलं, आईच्या वाटचंही पाहिलं. येताना तुझी छत्री आणली. ती दारामागे आहे, माझी म्हणून. डोळा बरा झाला की सांगू, असं ठरवलं होतं. डोळा बरा झालाच नाही. मग आई विचारू लागली, पत्र का नाही, आणि मी एक लिहिलं. एकच लिहिणार होते.

याहून वाईट गोष्ट राहिली. मोतीबिंदू अजून पिकला नाही, असं डॉक्टर एकदाच म्हणाले होते. मी आईला ते तीनदा सांगितलं, पिकल्यावरही. तिला दिसू नये म्हणून. ती भिंती चाचपत न्हाणीघरात जात होती आणि मी लेबलांवरच्या तारखा तपासत होते.

परवा फॉर्मवर मी 'लांबचं' वर खूण केली. वाचायचा चष्मा ऑपरेशननंतर दीड महिन्याने मिळतो. मला तो दीड महिना हवा होता. घरी आले तर आई खिडकीत. तिने विचारलं, "काय ठरलं मग?" मी म्हटलं, लांबचं. तिने तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाली, "बरं झालं. वळण दिसेल." त्या वळणाकडे ती दीड महिना लख्ख डोळ्याने बघत बसणार, आणि तिथे कुणी येणार नाही, हे मला एकटीला माहीत असणार. आज मी दवाखान्यात जाऊन ती खूण खोडली आणि 'जवळचं' वर केली. खाडाखोड झाली म्हणून शेजारी सही करायला लावली. डॉक्टरांना विचारलं, ऑपरेशननंतर माणूस रडलं तर डोळ्याला काही होतं का? ते आधी हसले, मग माझ्याकडे पाहून थांबले. म्हणाले, आठवडा जाऊ द्या, मग काही हरकत नाही.

संध्याकाळी आईला सांगितलं, बदललं, जवळचं घेतलंय. का, असं तिने विचारलं नाही. फक्त म्हणाली, "डब्यातली पत्रं तारखेप्रमाणे लावून ठेव." लावली. हे सर्वांत वर ठेवते आहे. हे मी माझ्याच अक्षरात लिहिलं आहे, आधी अक्षरं आणि मग रेघ. ताई, तुला हे कधीच पोचायचं नव्हतं. आठवडा झाला की डबा तिच्या मांडीवर ठेवीन. आई, तू इथपर्यंत वाचलं असशील तर जिथे चुकलं तिथे लाल खूण कर. मी दारात उभी आहे. नीट बघ, एकटीच आहे. आणि डॉक्टरांना विचारलंय, आता रडलं तर चालतं. फक्त डोळा चोळायचा नाही.

तुझीच,
शेपूट