इंजिन गरम होईपर्यंत

१२ डिसेंबर, सकाळी ६
थंडी पडली. पुतण्या अनिश रेती-विटा वाहतो. त्याचा ट्रक आमच्याच अंगणात उभा असतो. गारठलेले डिझेल इंजिन सुरू करून लगेच पळवणे अविचाराचे आहे. तस्मात् रोज सकाळी ट्रक सुरू करून जागच्या जागी गरम करण्याची जबाबदारी मी स्वीकारली आहे. मला गाडी चालवता येत नाही. परंतु सुरू करणे आणि चालवणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत.

१३ डिसेंबर
अनिश म्हणाला, "काका, ठाकुर्ली आहे ही, काश्मीर नाय! सेल्फ मारला, दोन मिनिटं थांबलो, निघालो. एवढंच असतं." एका माणसाचा अनुभव हा नियम होत नाही. मी तर्कशास्त्र शिकवण्यात हयात घालवली. वर्गात मुले झोपत. इंजिन झोपत नाही.

१७ डिसेंबर
वारा लागू नये म्हणून ट्रकच्या तिन्ही बाजूंनी ताडपत्री बांधली. धूर आता शेजारी न पसरता सरळ वर जातो. शेजाऱ्यांची तक्रार मिटली. वर आमची झोपण्याची खोली आहे. खिडकी लावून घ्यावी, असे पत्नी भागीरथीस सुचवले.

१९ डिसेंबर
भागीरथी खोकते. ऋतुमान.

२३ डिसेंबर
अनिशची आई बायजा भागीरथीला सांगत होती, "कनाला झोपतेस गो त्या धुरान? ये माझ्या खोलीन." भागीरथी म्हणाली, "नको. यांना वाईट वाटेल." मला वाईट वाटण्याचा येथे काहीही संबंध नाही. ती गेली नाही, याची मात्र नोंद करतो.

२७ डिसेंबर
अनिश सासुरवाडीला गेला. चावीही त्याच्याबरोबर गेली. ट्रक बंद. भागीरथीचा खोकला थांबला. ओव्याचा काढा लागू पडला.

३० डिसेंबर
अनिश परतला. ट्रक सुरू. खोकलाही सुरू. ओवा जुना असावा.

२ जानेवारी
डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी विचारले, "आजी, घरात धूर असतो का? चूल वगैरे?" भागीरथीने माझ्याकडे पाहिले. मी सांगितले, चूल नाही, गॅस आहे. विचारणा चुलीची होती आणि उत्तर अक्षरशः सत्य होते. त्यांनी तोंडाने ओढायचा पंप लिहून दिला. परतताना भागीरथी माझ्या दहा पावले मागे राहिली. दम लागत असल्यामुळे असावे.

५ जानेवारी
गारठा वाढला. रोजचा अर्धा तास इंजिनाला पुरत नाही. आता तासभर चालू ठेवतो. भागीरथी भिंतीला उशी टेकवून बसून झोपते. आडवे पडले की श्वास अडतो म्हणाली. बसून झोपल्याने पाठीचा कणा सरळ राहतो.

८ जानेवारी
बायजाने आवाज चढवला. कुटुंबाच्या शांततेसाठी संकल्प: उद्यापासून फक्त दहा मिनिटे.

९ जानेवारी
आज थंडी विशेष. अपवाद केला.

१० जानेवारी
अपवाद.

११ जानेवारी, इस्पितळ
सकाळी मी खाली इंजिनापाशी होतो. वरून भागीरथीने हाका मारल्या म्हणे. पितळी तांब्या भिंतीवर आपटत होती म्हणे. इंजिनाच्या आवाजात ते ऐकू येणे शक्यच नव्हते. ही सबब नव्हे, वस्तुस्थिती आहे. बायजा धावत वर गेली. भागीरथीचे ओठ निळे पडले होते. अनिशने तिला उचलून रिक्षात घातले आणि माझ्यावर ओरडला, "आधी ते बंद करा ना काका!" मी बंद केले. तोवर रिक्षा निघून गेली होती.

१५ जानेवारी
भागीरथीला इस्पितळातून सोडले. मुलगी दिपिका तिला परस्पर कळव्याला आपल्या घरी घेऊन गेली. अनिशने ट्रक दुसरीकडे हलवला. मला विचारले नाही. अंगणात ताडपत्री तेवढी राहिली आहे.

२ फेब्रुवारी
भागीरथीला आणण्यासाठी कळव्यास गेलो. ती गॅलरीत मटार सोलत दिपिकाशी बोलत होती; बोलताना मध्ये कुठे थांबत नव्हती. मी विषय क्रमाने मांडला. खोकल्याचे कारण ट्रक, असे तिचे मत आहे. ते मला मान्य नाही. परंतु वादापुरते गृहीत धरू. ट्रक आता नाही. कारण नाही, म्हणून कार्यही नाही. तेव्हा घरी न येण्यास आधार उरत नाही.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाली, "बरोबर आहे हो तुमचं. ट्रक गेला, कळलं मला. पण तुम्ही आहात ना तिथं."

आणि पुढची शेंग उचलली.

मुद्दा विषयाला सोडून होता. दिपिकाने चहा दिला. एकटा परतलो.