उलटे चढलेले अकरा पत्रे

४ एप्रिल १९३८, सोमवार. निपाणी

हाडवैद्य येऊन गेला. ह्यांच्या पायाच्या फळ्या सोडल्या, दाबून पाहिलं, पुन्हा बांधल्या. म्हणाला, "चालशीला. पर शिडीचं नाव काढू नगंस." हे भिंतीकडे तोंड करून पडले.

शिडीवरून पडल्याला आज पंधरा दिवस. तंबाखूचे व्यापारी आप्पा, त्यांच्या वखारीवर हे पत्रे घालत होते, निम्मं छप्पर तसंच उघडं. अक्षय्य तृतीयेला माल आत यायचा आहे. तोवर झालं नाही तर आप्पा दुसरा मिस्त्री बघणार, आणि पुढची वखारही त्यालाच जाणार. भावजींना, म्हणजे ह्यांच्या धाकट्या भावाला, खानापूरला पत्र टाकलंय. उत्तर नाही.

भाकरी करपली. लक्ष कुठं असतं माझं कोण जाणे.

६ एप्रिल

म्हटलं, "मला शिकवा. वर मी जाते."

हे हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले, ते माझ्यावर! मग, "पेटी आण."

दर खंडेनवमीला हत्यारांच्या ह्या पेटीला हळदकुंकू वाहते. आत हात घालायची वेळ कधी आली नव्हती. पाच वस्तू बाजेवर मांडल्या. कातर, हातोडी, लाकडी मोगरी, भोक पाडायचा सुंबा, काव लावायचं सूत. "पयल्यांदा येवढंच. बाकीची पेटी हौस हाय. ह्या पाचांवर पोट चालतं."

कातर माझ्याच्यानं उघडेना. दोन्ही हातांनी उघडली तर मिटेना.

८ एप्रिल

कातर पुरती मिटायची नाही, टोकाशी कड फाटते. कड वळवायला मोगरीच. लोखंडी हातोडी लावली तर वरचं जस्त उडतं आणि तिथंच गंज धरतो. सूत ओढून सोडलं की कावेची तांबडी रेघ उमटते, ती पुसायच्या आत कापायचं. एवढं सांगायला ह्यांना सकाळ पुरली नाही. मला एकदा सांगितलं की कळतं, पण चारदा सांगतात.

अंगठा कापला. हळद भरली. शेजारची आक्का दारातून बघत होती. "आता मिशा बी लावणार व्हय गं?" म्हटलं, "कासोटा पुरतोय की आक्का, मिशा कशाला?"

१२ एप्रिल

चढले.

उजाडताच गेले, पत्रा तापायच्या आत. पाय ठेवायचा तो पत्रा वाशाला धरून ठेवणाऱ्या आकड्यांच्या ओळीवरच, कारण खाली वासा तिथंच असतो. मधे पाय पडला की पत्रा पोटात जातो. खाली हमाल उभे. एकजण शीळ घालत होता. आप्पा आले, वर बघून ओरडले, "एनव्वा, अगं बाई, उतर खाली! पडलीस तर पाप मला लागंल." मी आकड्याच्या टोकावरची चाकी आवळत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "बरं, बगू."

पत्रे ५.

मला वर आवडतं. हे कुणाला सांगू? नवरा जायबंदी होऊन पडलाय आणि मला वर आवडतं. कणकुंबीला लहानपणी झाडावर चढले म्हणून आईनं चिमटे काढले होते, बाबा जांबोटीच्या शाळेत मास्तर, ते घरी आले की त्यांनाही सांगायची. खाली उतरलं की पुन्हा जीव घुसमटतो. घरात दोन घटका बसवत नाही.

१५ एप्रिल

दुसरी ओळ पुरी.

वर भोकं पाडत बसायचं म्हणजे हमालांना तमाशा. तेव्हा भोकं आता घरीच, अंगणात. हे बाजेवरून सांगतात, मी पाडते. भोक पत्र्याच्या पाठीवर, म्हणजे उंचवट्यावर. दोन उंचवट्यांमधल्या पन्हळीत कधीच नाही. एकेक पत्रा बाजेशी नेला, ह्यांनी बोट फिरवून पाहिला. "एक बी चुकलं न्हाय." ह्यांच्या तोंडून कौतुक म्हणजे दगडाला पाझर. दिवसभर तेच कानात.

१८ एप्रिल

आज एका सकाळीत अकरा! हमालांनी डोक्यावरून आणून शिडीवरून वर दिले, मी घेतले, आकडे ओवले, आवळले. बसताना जरा कुरकुरत होते, मोगरीनं बसवले. आप्पा म्हणाले, "मिस्त्रीपेक्षा मिस्त्रीण बरी." हे घरी आल्यागेल्याला तेच सांगतात. आता दोनच ओळी आणि आढं.

१९ एप्रिल

मेले मी.

आक्का विचारत होती, भोकं पाडल्यावर छप्पर गळत कसं न्हाय. ह्यांनी पत्र्याचा तुकडा तिरपा धरला, त्यावर तांब्यानं पाणी ओतलं. पाणी पन्हळीतून पळालं, पाठीवरचं भोक कोरडं. आक्का 'अगं बया' म्हणाली. मी चहा गाळत होते. गाळणं हातात तसंच राहिलं.

काल चाकी आवळताना बोटांची पेरं दोन्ही बाजूंनी घासत होती. उंचवट्यावर कशी घासतील?

२० एप्रिल

जाऊन पाहिलं. अकराच्या अकरा उलटे. हमालांनी डोक्यावर घेताना पालथे केले, तसेच वर दिले, आणि मी घाईत तसेच ठोकले. पाठ पन्हळ झाली. प्रत्येक भोक पाण्याच्या वाटेत. खाली तंबाखू येणार. एक पाऊस, की थप्पीच्या थप्पी कुजून जाणार आणि ह्यांच्या नावाला काळिमा.

ह्यांनी बोट फिरवून पाहिलेले पत्रे!

२१ एप्रिल

डबाभर डांबर आणि चिंध्या घेऊन गेले. एक भोक बुजवलं. वरून काही दिसत नाही. ह्यांना चढता येत नाही, आप्पा चढणार नाहीत. झाकली मूठ.

दुसऱ्या भोकाशी हात थांबला. उन्हानं डांबर पातळ होतं, हे मला आता कळतं. न कळतं तर बरं झालं असतं.

परत आले. दिवसभर मीच धुसफुसत होते. आक्काला उगीच तोडून बोलले.

२२ एप्रिल

सांगितलं. पत्रे काढून सुलटे केले की भोकं आपोआप पाठीवर येतात, एकही पत्रा वाया जात नाही, हेही सांगितलं. मी फार भराभर बोलत होते.

"तुला दिसलं न्हाय?"

"नाही."

"हातात घेतल्यावर बी?"

हे ओरडले असते तर चाललं असतं. म्हणाले, "आण दौत. भावाला पुन्यांदा लिवतो. तू आता वर जाऊ नगंस."

२३ एप्रिल

आप्पांना मीच जाऊन सांगितलं. निदान ते तरी ह्यांच्यावर ढकलायचं नव्हतं. आप्पा आधी खूप तापले. मग म्हणाले, "कुणी सांगतं व्हय गं असं आपणहून? आधी सुलटं करा, मग बोलू."

घरी काम ०. दोनदा अंगण झाडलं.

२६ एप्रिल

भावजी आले. वर जाऊन अकराही सुलटे केले. जेवताना म्हणाले, "दादा, वैनीच्या पयल्या दोन ओळी माझ्यापरीस सरळ हाईत. मी परवा माघारी जाणार, ऱ्हायलेलं वैनी करंल की."

"ऱ्हाऊ दे," हे म्हणाले. "माझा पाय बरा व्हतोय."

भावजी माझ्याकडे बघेनात. मी वाढत राहिले.

२८ एप्रिल

भावजी गेले. एक ओळ करून गेले. एक ओळ आणि आढं बाकी.

हे बाज धरून उभे राहायला गेले. क्षणभर उभे राहिलेही. मग चेहरा राखेसारखा झाला. मी धरायला गेले तर हात झटकला. "आठ दिसांत चढतो का न्हाय बघ."

मला राग येतो. त्यांचा नाही, नशिबाचा, असं लिहिणार होते. खोटं कशाला? त्यांचाच येतो. आणि लगेच वाईट वाटतं, म्हणून आणखी येतो.

२९ एप्रिल

आत्ताच आप्पांचे दिवाणजी दारात येऊन गेले. "उद्या वर कोण येणार? आप्पांनी इचारलंय. कोण न्हाय तर कोल्हापूरचा मिस्त्री बोलवत्यात."

मी उंबऱ्यात. हे आत बाजेवर, चार हातांवर. सगळं ऐकू जात होतं. मी थांबले. ह्यांनीच काहीतरी म्हणावं म्हणून थांबले. दिवाणजींनी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत चुळबुळ केली.

म्हटलं, "मी येते म्हणून सांगा."

दिवाणजींनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. मी मागं वळले नाही. ते गेले. उंबऱ्यातच बसून हे लिहिते आहे.

आत बाज करकरली. 'नको' म्हणाले नाहीत. अजून तरी म्हणाले नाहीत. चुलीवर तवा तापलाय, आत जायला हवं.