मास्तरांनी माझं घुमट काढून घेतलं

मास्तर, काल डिचोलीत तुमच्यावरचा सिनेमा बघितला. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली, तरी पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की लोक काय म्हणाले ते तुम्ही दारातच विचारलं असतंत. म्हणून लिहायला बसले. सभागृह भरून मागे माणसं उभी होती. मुळगावातून आम्ही बायका मिनीबस करून गेलो आणि काकींना, म्हणजे तुमच्या घरच्यांना, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. पडद्यावर चवथीची आरती सुरू झाली तसे लोक खुर्च्यांच्या हातांवर ठेका धरू लागले. तुमचं काम करणारा नट देखणा, तुमच्यापेक्षा पुष्कळच, रागावू नका. पण मडक्यासारखं मातीचं घुमट वाजवताना त्याच्या मागच्या उघड्या तोंडावर त्याचा डावा हात नुसता टेकलेला. कोरगावच्या एका म्हाताऱ्याला ते सोसवेना. हात उघडझाप कर रे बाबा, नाहीतर नाद येणार कुठून, असं त्याने सरळ पडद्यालाच सांगितलं. सिनेमात तुम्ही दिवसभर वडाखाली बसून असता. खाणीच्या वर्कशॉपमधली फिटरची नोकरी, अंगावरची तांबडी धूळ, यातलं काहीच नाही. मध्यंतरात पातीस खाताना आमची एक जण म्हणाली, यांना पोटापाण्याची काळजी नव्हतीच वाटतं.

तुमची पाळी साडेतीनला सुटायची. चारला तुम्ही न्हाऊन पडवीत बसलेले आणि आम्ही गावातल्या सात सुना भांडी घासून ओल्या हातांनी शिकायला हजर. काकी आतून चहा आणि उंडे पाठवायच्या, आणि चुलीपाशी बसूनच कुणाचं बोट चुकलं ते सांगायच्या. देवापुढे बायका घुमट वाजवणार म्हणून गावात कुरकुर झाली, तेव्हा तुम्ही कुणाशी भांडायला गेला नाहीत. एवढंच सांगितलंत, की या वर्षी माझ्या गणपतीची आरती याच वाजवतील, ज्याला ऐकायची त्याने यावं. आले की सगळे, नाकं मुरडत का होईना. मी कोरगावहून लग्न होऊन आले तेव्हा गावात मला फक्त अमक्याची सून म्हणत. माझं नाव लोकांच्या तोंडी आलं ते तुमच्या पडवीमुळे. हे उपकार तुमच्यासमोर मी कधी बोलून दाखवले नाहीत.

मग चवथीच्या आदल्या आठवड्यातला तो दिवस. माझी बोटं बऱ्यापैकी वळू लागली होती आणि ते मला जरा लवकरच कळलं होतं. आरतीत मी ठेका सोडून पुढे पळतेय, बाकीच्या सहा जणी मागून फरपटत येताहेत. तुम्ही उठलात, माझ्या मांडीवरचं घुमट उचललंत आणि सगळ्यांदेखत माझ्या हातात कांसाळं दिलंत, ती ताल धरायची काशाची जाड झांज.

"तुजें घुमट आयकूंक येता गो. आरती आयकूंक येना. एक वर्स हें वाजय."

घरी येऊन मी रडले, मनातल्या मनात तुमचा उद्धार केला. पण आले परत. वर्षभर नुसता ताल धरून बसले आणि त्या वर्षात पहिल्यांदा दुसऱ्याचं वाजवणं ऐकायला शिकले. पुढच्या चवथीला तुम्ही तुमचं स्वतःचं घुमट माझ्यापुढे ठेवलंत आणि आत निघून गेलात. आज माझ्याकडे मुली शिकायला येतात त्यांनाही मी आधी कांसाळंच देते, आणि त्याही फुरंगटून बसतात.

सिनेमाची दिग्दर्शिका आठवणी गोळा करत माझ्याकडे आली होती. गोड मुलगी, सगळं लिहून घेत होती. मास्तरांनी माझ्या हातातलं घुमट काढून घेतलं, असं मी सांगितलं. तिने विचारलं, तुम्ही बाई म्हणून? मास्तर, मी नाही म्हटलं नाही. हसले फक्त. नाही म्हटलं असतं, तर मी कशी मिरवत होते ते सांगावं लागलं असतं. शिवाय अन्याय सोसून पुढे आलेली बाई व्हायला कुणाला नको असतं?

तर काल पडद्यावर तो देखणा नट एका सुनेच्या हातातलं घुमट हिसकावतो आणि म्हणतो, हे बायकांचं काम नव्हे. सभागृहभर च्च च्च झालं. मागची एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, म्हातारा बराच खडूस होता गं. तुमच्याबद्दल, मास्तर, ज्यांनी आम्हाला गावासमोर बसवलं. काकी माझ्याकडे वळल्या.

"हांणी हें केन्ना म्हळें गो?"

तुम्ही असं कधी म्हणालात, ते त्यांना खरंच आठवत नव्हतं, आणि आपलीच आठवण चुकतेय असं वाटून त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या होत्या. मी पडद्याकडेच बघत राहिले. सिनेमा संपल्यावर दिग्दर्शिकेने मला मंचावर बोलावलं, हीच ती सून म्हणून सांगितलं, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. माइक माझ्या हातात आला. मी मान वर केली तर काकी बसलेल्याच, मांडीवर हात ठेवून. मग मी सांगितलं. माझं पळणं, तुमचं वाक्य तुमच्याच शब्दांत, ते कांसाळ्याचं वर्ष, सगळं. टाळ्या कधीच थांबल्या होत्या. दिग्दर्शिकेचा चेहरा उतरला. तिची मी नंतर माफी मागितली. आमच्या बायका मात्र हसायला लागल्या, आणि काकी मोठ्याने म्हणाल्या की होय, ही पळायचीच.

सकाळपासून फोन येताहेत, चारचौघांत खरं बोलायला छाती लागते म्हणून. त्यांना काय सांगू? हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. काकींना काल ताप होता. त्या येणारच नव्हत्या, बस सुटताना हट्टाने चढल्या. त्या आल्या नसत्या, तर त्या टाळ्या घेऊन मी गुपचूप घरी गेले असते.